रक्ताचा दाखला

रिसोडला वर्गात टोनी जोसेफ यांच्या 'अर्ली इंडियन्स' (२०१८) या पुस्तकाविषयी बोलत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे आपणच मूळचे, हे आता रक्तानं सिद्ध झालं ना?" क्षणभर 'हो' म्हणावेसे वाटले. म्हटले नाही.

पुस्तक सुबोध आहे. आफ्रिकेतून आलेले पहिले भारतीय, त्यांच्या आणि इराणकडच्या लोकांच्या मिश्रणातून झालेले हडप्पावासी, नंतर स्टेपच्या गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक, हे सारे प्राचीन हाडांतील डीएनएच्या आधारे उलगडते. या मिश्रणाला लेखक पिझ्झाची उपमा देतात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या वाचकाला ती कितपत रुचेल कोण जाणे.

पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढीच्या एका स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. साठाहून अधिक नमुन्यांतून हा एकच हाती लागला. तिच्यात स्टेपचा अंश नाही, एवढ्यावरून 'आर्य बाहेरून आलेच नाहीत' असा गवगवा झाला. वस्तुतः ती साडेचार हजार वर्षांपूर्वीची. आणि ५२३ प्राचीन व्यक्तींच्या त्याच वेळच्या दुसऱ्या निबंधानुसार स्टेपचे लोक इकडे आले ते इ.स.पू. २००० नंतर. सहलेखकांत शिंदे होतेच!

या खटाटोपावर हसताना आपणही आरशात पाहिले पाहिजे. 'मूळनिवासी' या आपल्या अभिमानाच्या तळाशीही रक्तच आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त आर्य-आक्रमणाचा सिद्धांत उलटवून हत्यार केला, ती त्या काळाची गरज होती. बाबासाहेबांनी मात्र १९४८ मध्ये नाकांच्या मोजमापांचेच आकडे घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवले. उत्तरेकडील ब्राह्मणांत स्टेपचा अंश अधिक आढळतो, हे खरे. पण निर्भेळ कोणीच नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. हैदराबाद व हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे सर्रास मिश्रण झाले आणि मग ते थांबले. कोणी थांबवले? कोणाच्या देहावर पहारा बसवून? हाडे काळ सांगतात, कारण सांगत नाहीत. जोसेफ जातीवर येतात ते अखेरीस, आणि घाईने. पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ते कारण मांडले होते : जातीचे मर्म बेटीबंदीत आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही ती टिकवण्याची साधने.

तो मुलगा पुस्तक घरी घेऊन गेला आहे. परत आणील तेव्हा १९१६ चा निबंध त्याच्या हाती देणार आहे.