शंभर ग्रॅम कशाचे?

'भरपूर प्रोटीन असलेले आरोग्यदायी पदार्थ' अशी यादी तुम्ही कधी ना कधी वाचली असेलच. डावीकडे पदार्थ, उजवीकडे दर 100 ग्रॅममागे किती ग्रॅम प्रथिनं तो आकडा, आणि आकड्यांच्या उतरत्या क्रमाने मांडणी. यातले आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात. माझी हरकत त्यांच्या क्रमवारीला आहे. संशोधनाची तयारी करत असाल तर असा एखादा तक्ता सरावाला घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: 100 ग्रॅम कशाचे? कोरड्या तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्यात 13. म्हणजे डाळ जिंकली? पण कोरडी डाळ कोण खातं! वाटीभर वरणात 25-30 ग्रॅम डाळ जाते, म्हणजे प्रथिनं साडेपाच ते साडेसहा ग्रॅम. एका अंड्यातही जवळपास तेवढीच. वाळवलेली स्पिरुलिना 57 ग्रॅमवर, म्हणून यादीत सगळ्यांच्या वर. ती आपण चमचाभर घेतो, त्यातून दोन ग्रॅमही मिळत नाहीत. इथे पाणी काढून टाकलेल्या पदार्थाची पाण्यासकट असलेल्या पदार्थाशी तुलना होते आहे.

आता छेदच बदलून बघू. 100 ग्रॅमऐवजी 100 कॅलरी धरा. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे 567 कॅलरी, म्हणजे 100 कॅलरीमागे साडेचार ग्रॅमच्या आत. गायीच्या दुधात 100 ग्रॅमला प्रथिनं जेमतेम 3.2 ग्रॅम, पण कॅलरीही 65च्या आसपास, म्हणजे 100 कॅलरीमागे पाच ग्रॅमच्या जवळ. पहिल्या यादीत तळाशी असलेलं दूध शेंगदाण्याच्या वर आलं. पदार्थ तेच आहेत, आपण फक्त छेद बदलला.

दुसरा प्रश्न: मोजलं काय? बहुतेक तक्त्यांमागे नायट्रोजन मोजण्याची पद्धत असते, उदाहरणार्थ केल्डाल. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो असं धरून मिळालेल्या आकड्याला 6.25ने गुणतात. पण शेंगदाण्यासाठी योग्य गुणक 5.46 आहे, दुधासाठी 6.38. सरसकट 6.25 लावला तर शेंगदाण्याची प्रथिनं 14 टक्क्यांनी फुगतात. हे केवळ प्रयोगशाळेतलं कुरकुरणं नाही. 2008 साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे चाचणीत 'प्रथिनं' भरपूर दिसली. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, काही दगावली. मोजायचं एक आणि नाव द्यायचं दुसरं, ही सवय इतकी महाग पडू शकते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: ही यादी कोणाच्या ताटासाठी? 1968 साली संयुक्त राष्ट्रांचा येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवाल आला. उपाय म्हणून जास्त प्रथिनांची खास अन्नं बनवायची, असा तो काळ होता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तेव्हा एफएओमध्ये होते. भारतातल्या आहाराच्या नोंदी तपासून त्यांनी 1970 साली मांडलं, की ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांना बहुतेक करून एकूण अन्नच कमी पडतं. कॅलरी पुरेशा नसतील तर शरीर खाल्लेली प्रथिनंही ऊर्जेसाठी जाळून टाकतं. मग 'हाय-प्रोटीन' पदार्थ देऊन काय साधणार? 1974 साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रकाराला चक्क 'फियास्को' म्हटलं, म्हणजे पुरता फज्जा. सुखात्म्यांच्या काही गृहितकांवर पुढे जोरदार वाद झाले, तेही वाचा. पण प्रश्न उलटा करून विचारणं त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून असल्या याद्या निरुपयोगी का? तसं नाही. पोटभर जेवणाऱ्या पण भात-पोळीवरच भागवणाऱ्या माणसाला डाळ, अंडं, दही वाढवायला त्या नक्की सुचवतील. धान्यात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. वरणभात ही जोडी म्हणूनच चांगली. मात्र एकेक पदार्थ सुटा तोलणाऱ्या यादीत ही जोडी दिसतच नाही.

आता हाताशी असेल ती यादी घ्या आणि वहीत तीन रकाने वाढवा: एका वेळी खाल्लं जाणारं प्रमाण, 100 कॅलरीमागची प्रथिनं आणि 10 रुपयांत मिळणारी प्रथिनं. शेवटच्या रकान्यासाठी जवळच्या वाण्याकडे भाव विचारा. क्रम कुठे कुठे उलटतो ते लिहून काढा. तुमच्या प्रबंधातल्या पहिल्या तक्त्यालाही परीक्षक हेच विचारणार आहेत: छेद कुठला घेतला, आणि तोच का?