काळजीवाहू मुलं मोजायची कशी? एका प्रश्नावलीची चिकित्सा

घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणारी मुलं इंग्लंडमध्ये किती आहेत? २०२१च्या जनगणनेनुसार ५ ते १७ वयाची सुमारे १ लाख २० हजार. २०२३मध्ये शाळांच्या सरकारी नोंदणीत हा प्रश्न पहिल्यांदा आला, तेव्हा ३८,९८३. आणि बीबीसी व नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१८मध्ये थेट मुलांना विचारून जो अंदाज काढला, तो माध्यमिक शाळेच्या वयाचीच सुमारे ८ लाख!

वर्षं वेगळी, वयोगट वेगळे, हे खरं. पण एवढी तफावत त्यानं भरून निघत नाही. उत्तर कोण देतंय ते बघा. जनगणनेचा फॉर्म बहुतेकदा घरातला मोठा माणूस भरतो. शाळा तिला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिते, आणि २०२३मध्ये ७९ टक्के शाळांनी आपल्याकडे असं एकही मूल नाही असं नोंदवलं. म्हणून आकडा उद्धृत करण्याआधी ‘हे उत्तर कोणी दिलं?’ हे तपासायची सवय लावून घ्या.

मग मुलांनाच विचारलं की झालं? इथे खरी गंमत सुरू होते. या क्षेत्रात जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, माका-वायसी१८. स्टीफन जोसेफ, फिओना बेकर आणि सॉल बेकर यांनी ती तयार केली. तिच्यात १८ कामं दिलेली आहेत. गेल्या महिन्यात प्रत्येक काम ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’ की ‘बऱ्याचदा’ केलं, हे मुलानं सांगायचं. गुण अनुक्रमे ०, १, २. एकूण ३६. छोटी, सोपी, लहान मुलांनाही भरता येईल अशी. तिची ही ताकद मान्य करूनच पुढे जाऊ.

पहिली अडचण वजनाची. स्वतःची खोली बऱ्याचदा आवरली तर २ गुण, आणि वडिलांना आंघोळ घालायला बऱ्याचदा मदत केली तरी २च. बेरीज करताना ही दोन्ही कामं सारखी ठरतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. समजा, आईला तीव्र नैराश्य आहे. मुलगा कपडे धूत नाही, स्वयंपाक करत नाही. पण शाळेतून आल्यापासून तिच्याजवळ बसतो, तिच्यावर लक्ष ठेवतो, रात्री उठून ती ठीक आहे ना ते बघतो. भावनिक काळजीची विधानं फक्त ३. म्हणजे या मुलाला तिथे जास्तीत जास्त ६ गुण. एकूण गुणांत १ ते ९ म्हणजे ‘कमी’ काळजीकाम! उपगटांचे गुण वेगळे बघता येतात आणि परिणाम मोजायला पॅनॉक नावाची जोडप्रश्नावलीही आहे. पण मदत कोणाला आधी द्यायची हे नुसत्या बेरजेवर ठरवलं, तर हा मुलगा रांगेत शेवटी जाईल.

तिसरी अडचण प्रयोगशाळेत काम केलेल्यांना लगेच कळेल: ब्लँक रीडिंग कुठे आहे? घर झाडणं, भांडी घासणं, धाकट्या भावाला सांभाळणं ही कामं घरात कोणी आजारी नसतानाही मुलं करतात. उद्या तुम्ही ही प्रश्नावली मराठीत आणलीत, तर आपल्याकडच्या कितीतरी मुली निरोगी घरात राहूनही भरपूर गुण मिळवतील. आजारपण नसलेल्या घरातल्या, त्याच वयाच्या मुलामुलींशी तुलना केल्याशिवाय त्या गुणांचा अर्थ लागणार नाही.

आणि आता जे १८ विधानांत नाहीच ते. हे काम मुलावर का पडलं? १९९५मध्ये लोइस कीथ आणि जेनी मॉरिस यांनी अपंगांच्या हक्कांच्या बाजूनं या संशोधनावर टीका केली होती. मुलांना ‘काळजीवाहू’ म्हणत राहिलं की अपंग पालक ओझं ठरतो, आणि त्याला मिळायला हवी असलेली मदत मिळत नाही हा मुद्दा मागे पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं, या टीकेची एक बाजू अपुरी आहे: पालकाला सेवा मिळेपर्यंत मूल थांबलेलं नसतं, त्याला आजच शाळेत समजून घेणारं कोणीतरी हवं असतं. पण मूळ मुद्दा पक्का आहे. सकाळी आईला उठवून तयार करायला मदतनीस आली, तर मुलगी वेळेवर शाळेत जाईल. नुसत्या समुपदेशनानं ते होणार नाही.

इंग्लंडच्या २०१४च्या कायद्यानं स्थानिक परिषदेवर मुलाच्या गरजा तपासायची जबाबदारी टाकली, आणि त्या मुलानं हे काम करणं योग्य आहे का, हेही बघायला सांगितलं. म्हणजे कायदा जो प्रश्न विचारतो, तो आपलं साधन विचारत नाही.

तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर माका जरूर वापरा. पण सोबत स्वतःचे दोन प्रश्न जोडा: आजारी माणसाला बाहेरून कोणती मदत मिळते? आणि तू एक दिवस घरी नसलास, तर हे काम कोण करेल? दुसऱ्या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, तर बेरीज ६ असली तरी त्या मुलाला ‘कमी’ गटात टाकून पुढे जाऊ नका.