उभे विमान आणि आपले तयार उत्तर

मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले की वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र फारसे लांब नाही. तेथील विज्ञान उद्यानात एच.एफ. २४ ‘मारुत’ हे खरे लढाऊ विमान ठेवलेले आहे. घरातील सात आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन आम्ही ते पाहून आलो. असे विमान मुलांना काय शिकवते आणि त्याच्यापुढे उभे राहून आपण मोठी माणसे काय शिकवतो, या दोन्ही गोष्टी तपासण्यासारख्या आहेत.

‘मारुत’ पाहण्याजोगे आहे, यात शंका नाही. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला त्याचा आराखडा झाला आणि १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. १९७१ च्या युद्धात ते वापरले गेले. त्याचे पंख मागे कललेले आहेत. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, तो अशा पंखांमुळे कमी राहतो. मात्र ज्या ताकदीची इंजिने धरून आराखडा केला होता ती मिळाली नाहीत आणि विमान अपेक्षित वेग गाठू शकले नाही. नुसता आकार पुरत नाही, हा धडा पुस्तकातील चित्रापेक्षा येथे चांगला पटतो.

पण उभे विमान आकार दाखवते, उड्डाण दाखवत नाही. ही कोणत्याही विमान संग्रहालयाची मर्यादा आहे. धाकट्याने विचारले, “एवढं जड विमान वर राहतं कसं?” आम्ही तयार उत्तर दिले : पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचे म्हणून ती वेगाने धावते, वेग वाढला की दाब कमी होतो. थोरलीने लगेच विचारले, “पण गाठायचं कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. असे गाठण्याचे बंधन हवेवर नसतेच. वातबोगद्यात धुराच्या रेषा सोडून पाहिले, तर वरची हवा मागच्या कडेशी खालच्या हवेच्या आधीच पोचते. शिवाय कागदी विमानाचे पंख सपाट असूनही ते तरंगते आणि कसरतीची विमाने उलटीही उडतात. वर दाब कमी आणि वेग जास्त असतो, हे खरे. चूक आहे ती त्यासाठी दिलेल्या कारणात. हेच कारण वर्गात वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि मुले ते पाठ करतात.

परतीच्या लाँचवर आम्ही वहीचे पुठ्ठ्याचे कव्हर काढले. कठड्याच्या आत बसून, समोरून येणाऱ्या वाऱ्यात ते आडवे धरले. पुढची कड किंचित उचलताच पुठ्ठा वर जाऊ लागला. कड फार उचलली तेव्हा तो वर जाण्याऐवजी मागेच रेटला गेला. कललेला पुठ्ठा वाऱ्याला खाली वळवतो आणि वारा पुठ्ठ्याला वर ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. पंखाचा फुगीर आकार हवा वळवण्याचे काम अधिक सफाईने करतो. दाबातील फरक आणि हवेचे खाली वळणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. मोऱ्याचा धक्का येईपर्यंत दोघांनी पुठ्ठा सोडला नाही.

गोव्यात बोगमाळोजवळ १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात विमानवाहू जहाजावरची सी हॉक आणि अलिझे ही विमाने आहेत. त्यांचे पंख घडी होतात, कारण जहाजावर जागा थोडी. तेथे ‘असे का?’ याचे उत्तर विमानाच्या अंगावरच असते. उड्डाणाचे उत्तर मात्र विमानाच्या अंगावर सापडत नाही. त्यासाठी वारा लागतो.

म्हणून शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच, की सहल जरूर काढावी, पण पुठ्ठ्याचा प्रयोग आमच्यासारखा परतताना न करता जातानाच करावा. हाताला वाऱ्याचा रेटा समजलेले मूल ‘मारुत’पुढे उभे राहिले, की पंखाकडे वेगळ्या नजरेने पाहील. आणि त्याने “कशाला?” असे विचारले, तर आपले तयार उत्तर आपणच आधी तपासून पाहावे.