लिलावाच्या दारातील विद्यापीठ : प्रो कबड्डीतील खेळाडू-निवडीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई येथे प्रो कबड्डी लीगच्या नवव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. पाचशेहून अधिक नावांच्या त्या यादीत २४ नावे विद्यापीठीय खेळाडूंची होती. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत बेंगळुरू येथे भरलेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत कबड्डीमध्ये पहिले दोन क्रमांक मिळवणाऱ्या संघांचे हे खेळाडू. विद्यापीठीय खेळाची दखल एका व्यावसायिक लीगने थेट लिलावाच्या यादीत घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात तिचे स्वागत होणे स्वाभाविक होते.

स्वागताच्या भरात मात्र एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. या २४ जणांची निवड कोणी केली? उत्तर असे की, कोणीच केली नाही. दोन संघ अंतिम सामन्यात पोहोचले, म्हणून त्या संघांतील प्रत्येकी बाराही खेळाडू यादीत आले. त्यांतील जो एकही चढाई न करता राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिला असेल, तोही आला. आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघातील ज्या चढाईपटूने समोरच्या सात जणांना जेरीस आणले असेल, तो राहिला. प्रस्तुत लेखात या निवडीविना झालेल्या निवडीची चिकित्सा करावयाची आहे. ती जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या बाजूने केली आहे, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

ड्राफ्ट आणि लिलाव

विद्यापीठातून व्यावसायिक खेळाडू घेण्याची सर्वांत जुनी आणि सुसंघटित पद्धत अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगची. (हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे, चेंडू हातात घेऊन खेळावयाचा तो वेगळाच खेळ आहे.) फिलाडेल्फिया ईगल्स या सतत हरणाऱ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये अशी सूचना मांडली की, विद्यापीठातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी क्रमाने निवडावेत आणि हा क्रम उलटा असावा, म्हणजे सर्वांत शेवटी राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळावी. त्यानुसार ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात फळ्यावर ९० नावे लिहिली गेली आणि नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वॅंगरचे. गंमत अशी की, हा पहिला निवडलेला खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. मानधनाचे जमले नाही आणि त्याने दुसरी वाट धरली.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात कोणत्या संघाकडून खेळावे हे खेळाडूला ठरवता येत नाही. संघ त्याला ठरवतो. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे उलटल्याखेरीज निवडीस पात्र होता येत नाही, या नियमाला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने २००३ मध्ये न्यायालयात आव्हान दिले. खालच्या न्यायालयात तो जिंकला, वरच्या न्यायालयात हरला. याचा परिणाम असा की, विद्यापीठे लीगसाठी विनावेतन रोपवाटिका चालवीत राहिली आणि ज्यांच्या जोरावर विद्यापीठांची क्रीडांगणे भरत होती, त्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा २०२१ पर्यंत नव्हती. हा अन्याय दीर्घकाळ चालला.

असे असूनही त्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे व ती आपल्याकडे नाही. खेळाडूला कोणीतरी तीन-चार वर्षे पाहिलेले असते. १९३६ मध्ये संघांजवळ खेळाडू हेरणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. फळ्यावरची नावे बव्हंशी वृत्तपत्रांतील वार्तांकनावरून आणि जाणकारांच्या शिफारशींवरून आली. म्हणजे निवडीचे पहिले साधन बातमी हे होते. आपल्या जिल्ह्यांत आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची बातमी कशी येते, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. उद्घाटक, प्रमुख अतिथी, अध्यक्ष, प्राचार्य, सूत्रसंचालक आणि आभार मानणारे, या सर्वांची नावे तीत असतात. विजयी महाविद्यालयाचे नावही असते. सामना ज्याने जिंकून दिला, त्याचे नाव शोधावे लागते. (बातमीचा मजकूर बहुधा महाविद्यालयातूनच पाठवलेला असतो, त्यामुळे दोष वृत्तपत्राला देता येत नाही.)

प्रो कबड्डीने ड्राफ्टऐवजी लिलाव स्वीकारला. मे २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले. त्या वर्षी एका संघाला एकूण खर्चाची मर्यादा ४ कोटी ४० लाखांची होती. अर्ध्याहून अधिक थैली एका खेळाडूवर रिकामी झाली, की उरलेल्या रकमेत उरलेला संघ उभा करावयाचा असतो. अशा वेळी अपरिचित खेळाडूवर बोली लावणे म्हणजे जुगार. सर्वांत खालच्या 'डी' वर्गाची मूळ किंमत त्या वर्षी ६ लाख होती. शेतकरी कुटुंबाला ती मोठी वाटेल, परंतु संघमालकाला ती खात्रीच्या खेळाडूवरच घालवावीशी वाटणार. लिलाव ज्ञात खेळाडूची किंमत ठरवतो. अज्ञात खेळाडू ओळखण्याचे काम त्याचे नव्हेच. लीगलाही हे कळते, म्हणून लिलावाबाहेर 'न्यू यंग प्लेअर' हा स्वतंत्र वर्ग ठेवण्यात आला आणि संघ आपापल्या चाचण्यांतून व प्रबोधिनींतून नवी मुले थेट करारबद्ध करू लागले.

येथे फुटबॉलचाही एक दाखला नोंदवण्याजोगा आहे. इंडियन सुपर लीगने २०१४ मध्ये भारतीय खेळाडूंसाठी ड्राफ्ट घेतला, २०१७ मध्ये पुन्हा घेतला. नाव तेच, पद्धतही क्रमवार निवडीची. परंतु फळ्यावरची नावे मुख्यतः आधीच्या क्लबांतून आणि प्रबोधिनींतून आलेली होती. विद्यापीठ त्या चित्रात जवळजवळ नव्हतेच.

चढाईपटू आणि त्याचा संघ

संघाच्या क्रमांकावरून खेळाडू उचलणे कोणत्याही सांघिक खेळात ढोबळपणाचेच ठरेल. कबड्डीत मात्र त्यात एक विशेष अन्याय आहे आणि तो या खेळाच्या रचनेतूनच येतो. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो. त्याला पुन्हा मैदानात आणणे त्याच्या हाती नसते. त्याच्या संघाने प्रतिस्पर्धी बाद केला, तरच तो जिवंत होतो. ज्या संघाची पकड भक्कम, त्याचा चढाईपटू अर्ध्या मिनिटात परत येतो. ज्याची पकड दुबळी, त्याचा उत्तम चढाईपटू चार-पाच मिनिटे बाकावर बसून आपल्यावर लोण चढताना पाहतो. म्हणजे दुबळ्या संघातील गुणी खेळाडूचे केवळ गुण कमी होत नाहीत, त्याचा मैदानावरील काळच कमी होतो. तो दिसतच नाही. उलट बलाढ्य संघातील मध्यम चढाईपटूला वारंवार संधी मिळते व आकडे फुगतात. म्हणूनच कबड्डीत खेळाडूची गुणवत्ता त्याने किती गुण मिळवले यापेक्षा किती चढाया केल्या, समोर किती खेळाडू असताना केल्या आणि तिसरी निर्णायक चढाई त्याच्याकडे किती वेळा सोपवली गेली, यावरून अधिक कळते.

पकडीच्या बाबतीत संघावरून निवड करण्याचे काहीसे समर्थन करता येते. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा खेळाडू यांची साखळी वर्षानुवर्षांच्या सहवासाने तयार होते. एकाने घोट्यात हात घालताच दुसऱ्याने मध्यरेषेची वाट अडवावयाची असते. अशी जोडी विजयी संघातूनच घ्यावी, हे पटण्यासारखे आहे. परंतु लिलाव नेमकी ही जोडी फोडतो, कारण तो प्रत्येकाला सुटा विकतो. त्यामुळे निवडीचे एकक संघ आणि विक्रीचे एकक व्यक्ती, असा विचित्र प्रकार घडतो. ज्या एका बाबतीत संघनिष्ठ निवड शहाणपणाची ठरली असती, तेथेच तिचा लाभ नष्ट होतो.

मुलींच्या बाबतीत तर चर्चाच संपते. २०१६ मध्ये तीन संघांचे विमेन्स कबड्डी चॅलेंज प्रो कबड्डीच्या जोडीने खेळवले गेले. एका हंगामानंतर ते थांबले. २०२२ च्या त्या २४ नावांत एकही मुलगी असण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

कागदावरचा खेळाडू

आता खानदेशातून ही वाट कशी दिसते ते पाहू. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. जळगाव, धुळे व नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र. यावल, चोपडा, शिरपूर किंवा शहादा तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाचा खेळाडू प्रथम आपल्या विभागात खेळतो, मग आंतरविभागीय स्पर्धेत. तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, अल्पकाळाचे प्रशिक्षण शिबिर होते आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस रवाना होतो. तेथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांशी गाठ पडते. त्यापुढे अखिल भारतीय स्पर्धा व त्यातून वर आलेल्या मोजक्या संघांसाठी खेलो इंडिया. आरंभीच्या फेऱ्या बहुधा बाद पद्धतीच्या. सकाळी हरलेला संघ दुपारच्या एसटीने परततो. या पायऱ्यांपैकी कोणत्याही पायरीवर सात जणांतील एकाचा नव्हे, सातही जणांचा प्रवास संपतो.

या स्पर्धांचा हंगाम आणि कापसाच्या वेचणीचा हंगाम बहुधा एकाच वेळी येतो, हे क्रीडासंचालकांना वेगळे सांगावयास नको. सरावाला मुले का येत नाहीत, याचे उत्तर मैदानाबाहेरच्या शेतात असते. बरीच मुले मातीवर खेळून वाढतात आणि मॅटवर प्रथम पाऊल ठेवतात ते विभागीय स्पर्धेतच.

यावर असा आक्षेप घेता येईल की, गुणी खेळाडूस विद्यापीठाची गरजच काय? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये नव्या तरुण खेळाडूंच्या वर्गातून आला, कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून विजेतेपद मिळवले. त्याच्या यशात आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या शिडीचा वाटा शोधण्याचे कारण नाही. आक्षेप वजनदार आहे आणि तो मान्यच करावा लागतो. मात्र प्रबोधिनीची वाट चाचणीपर्यंत पोहोचू शकणाऱ्यांची आहे. रावेरच्या मुलाला पुण्याची चाचणी म्हणजे रात्रभराचा प्रवास, दोन दिवसांची मजुरी आणि घरच्यांची समजूत. त्याच्या गावापर्यंत पोहोचलेली संस्था एकच आहे आणि ती महाविद्यालय ही आहे. ते त्याला तीन वर्षे पाहते. मग ते त्याच्याविषयी काय लिहून ठेवते?

ते प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्रावर सहभाग किंवा क्रमांक असतो, कारण परीक्षेतील सवलतीच्या गुणांसाठी आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी तेवढेच विचारले जाते. या तरतुदींचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. कित्येक घरांत पहिली नोकरी त्या कागदाने आणली आहे. परंतु त्या कागदाने आपल्याला एक सवयही लावली. स्पर्धा संपताना आपण 'कितवा आला' एवढेच नोंदवतो. 'कसा खेळला' याची नोंद कोणी मागत नाही, म्हणून आपण ठेवत नाही. लीगने दोन संघांचे २४ जण घेतले ते तिच्या आळसाने, असे म्हणणे सोपे आहे. तिने खालच्या फेरीतील एकेका खेळाडूची माहिती मागितली असती, तर आपण तिला काय दिले असते?

वास्तविक नोंद होत असते. प्रत्येक सामन्याला गुणलेखक असतो आणि गुणतक्ता भरला जातो. आक्षेपाची मुदत संपली की त्या तक्त्याचे काम संपते. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेनंतर प्रस्तुत लेखकाने असे जुने तक्ते मागून घेतले. ते प्रश्नपत्रिकांच्या रिकाम्या खोक्यात, दोरीने बांधलेले मिळाले. दुसऱ्याच फेरीत हरलेल्या एका छोट्या महाविद्यालयाच्या तक्त्यावर संघाचे अर्ध्याहून अधिक गुण सात क्रमांकाच्या एकाच खेळाडूने मिळवलेले दिसत होते. मध्यंतरानंतर तो बराच काळ बाहेर बसलेला होता, हेही खुणांवरून कळत होते. नेमक्या त्याच काळात संघावर दोन लोण चढले होते. हा मुलगा कोण, हे पाहण्यासाठी तक्त्याच्या वरच्या भागाकडे नजर नेली. महाविद्यालयाचे नाव सुवाच्य अक्षरात होते, संघव्यवस्थापकाची सही होती. खेळाडूंच्या नावांचा रकाना कोरा होता. त्यात एकापासून बारापर्यंत केवळ आकडे लिहिलेले होते.