हिऱ्यांपाशी थांबलेली गोष्ट

अलेक्झांडर द्यूमाच्या ‘द थ्री मस्केटियर्स’वरचा चित्रपट पाहायला बसलो की माझे लक्ष एकाच गोष्टीकडे लागलेले असते. हा चित्रपट लीस नदीच्या काठापर्यंत जाणार की नाही?

कादंबरी वाचलेल्यांना ती रात्र आठवत असेल. वादळ, विजा, चिखलाची वाट. चौघे मित्र, लॉर्ड द विंटर आणि लाल झगा पांघरलेला, तोंडावर मुखवटा चढवलेला एक अनोळखी माणूस, असे सगळे मिळून एका एकाकी घरात कार्डिनल रिशल्यूची हेर मिलेडी हिला गाठतात. एकेक जण पुढे होऊन आपला आरोप सांगतो. लाल झग्यातला माणूस मुखवटा काढतो तेव्हा कळते की तो लील शहराचा जल्लाद आहे आणि त्याचाही तिच्याशी जुना हिशेब आहे. शिक्षा ठरते. नदीकाठी तिचा आक्रोश ऐकून दार्तान्याँचा धीर सुटतो. ज्या बाईने त्याच्या प्रेयसीला, कॉन्स्टन्सला, विष घातले तिच्यासाठी तो पाऊल पुढे टाकतो आणि ॲथोस तलवार काढून त्याची वाट अडवतो. जल्लाद तिला होडीतून पलीकडे नेतो. काम उरकल्यावर तो झगा जमिनीवर पसरतो, त्यात शिर आणि धड बांधतो आणि परतताना नदीच्या मध्यावर ते गाठोडे पाण्यात सोडतो.

पहिल्या प्रकरणात पिवळ्या घोड्यावर बसून गावात शिरलेल्या आणि घोड्याला कोणी हसले म्हणून तलवारीला हात घातलेल्या गास्कनीच्या पोराची, दार्तान्याँची, गोष्ट इथे येऊन पोहोचते. हे वळण ज्याला पेलले नाही त्याने कादंबरीवर चित्रपट केला असे मी म्हणणार नाही. त्याने कादंबरीच्या पूर्वार्धावर चित्रपट केला.

पूर्वार्ध मोठा लोभस आहे, हे मान्यच. 1844 साली मार्चपासून जुलैपर्यंत ही कादंबरी पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ या दैनिकात क्रमशः छापून येत होती. ऑग्युस्त माके हा द्यूमाचा सहलेखक. द्यूमा रंगभूमीवर नाव कमावून कादंबरीकडे वळलेला, त्यामुळे त्याचे प्रसंग नाटकातल्या प्रवेशांसारखे उभे राहतात आणि निम्मे काम संवादच करतात. पॅरिसला आल्याबरोबर दार्तान्याँ एकाच सकाळी ॲथोसच्या जखमी खांद्यावर आदळतो, पोर्थोसच्या झग्यात अडकतो आणि अ‍ॅरामिसचा रुमाल नको तेव्हा उचलून देतो. बारा, एक आणि दोन अशा तीन वेळांना तीन द्वंद्वे ठरतात. पहिले सुरू होते न होते तोच कार्डिनलचे शिपाई येतात आणि ज्यांच्याशी लढायला आला त्यांच्याच बाजूने तो लढू लागतो. मैत्री जुळण्याची इतकी झटपट आणि इतकी पटणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. मग राणीने इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमला भेट दिलेले हिरे लंडनहून वेळेत परत आणण्याची धावपळ. दरबारात नृत्य, राणीच्या अंगावर हिरे, कार्डिनल तोंडघशी.

इथे थांबायचा मोह कोणालाही होईल. कादंबरी थांबत नाही. पुढे ला रोशेलचा वेढा येतो, बकिंगहॅमचा खून होतो, बेथ्यूनच्या मठात दार्तान्याँ पोहोचतो तेव्हा कॉन्स्टन्सने विषाचा प्याला रिता केलेला असतो. पूर्वार्धात ज्या तलवारी खेळासारख्या चालल्या, त्यांचा हिशेब उत्तरार्धात चुकता होतो.

1921 साली डग्लस फेअरबँक्सने दार्तान्याँ उभा केला. एका हातावर अंग तोलून कोलांटी घेत पडलेली तलवार उचलण्याची त्याची करामत आजही थक्क करते. हा चित्रपट हिऱ्यांपाशीच थांबतो. मूकपटाच्या दिवसांत, सगळी भिस्त शरीराच्या उत्साहावर असताना, ते समजण्यासारखे आहे. पण फेअरबँक्सला राहिलेली अर्धी गोष्ट ठाऊक होती असे मला वाटते. 1929 मध्ये त्याने ‘द आयर्न मास्क’ केला, त्यात प्रौढ दार्तान्याँ मरतो आणि आधी गेलेले मित्र त्याला न्यायला येतात. फेअरबँक्सचा हा शेवटचा मूकपट. जग बोलपटाकडे वळत होते, आणि उड्या मारणारा तो माणूस पडद्यावर पहिल्यांदाच मरत होता.

त्याच दशकात आपल्याकडे काय चालले होते हे इथे सांगायला हवे. 1923 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्यात शेलारमामा झालेला व्ही. शांताराम नावाचा तरुण दहा वर्षांनी, 1933 साली, प्रभातसाठी हीच कादंबरी बोलपटात घेऊन आला. याच कोल्हापुरातून पुढे आलेला, नंतर ‘आलम आरा’चा नायक झालेला मास्टर विठ्ठल ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे तलवारीच्या कादंबरीवरचा चित्रपट ही आपल्याला पाहुणी गोष्ट नाही, घरची आहे. आणि आपट्यांच्या कादंबरीच्या नावातच दोन्ही अर्धे आहेत. ‘गड आला’ म्हणून पडदा पाडला तर कोणता मराठी प्रेक्षक गोष्ट संपली असे म्हणेल? ‘पण’ या शब्दापुढे जे आहे त्यासाठीच तो आलेला असतो. द्यूमाच्या चित्रपटांकडे मी याच नजरेने पाहतो.

1948 चा एमजीएमचा चित्रपट भडक रंगांचा, गुळगुळीत, पण त्याला न्याय द्यायला हवा. दार्तान्याँ झालेला जीन केली मुळातला नर्तक, त्यामुळे पहिली लढाई नाचाच्या अंगाने जाते आणि बहार येते. रिशल्यू धर्मगुरू आहे हे पडद्यावर येऊ नये म्हणून त्याला नुसता मंत्री केला आहे. हा भित्रेपणाच होता. तरीही जॉर्ज सिडनी हा दिग्दर्शक उत्तरार्ध टाळत नाही. लाना टर्नरची मिलेडी वधासाठी चालत जाते तेव्हा आधीच्या दोन तासांचा गुळगुळीतपणा गळून पडतो. 1993 च्या डिस्नेच्या चित्रपटात मिलेडी स्वतःच कड्यावरून उडी घेते, आणि कोणालाच कसला निर्णय घ्यावा लागत नाही. 2011 मध्ये मस्केटियर्सना हवेत उडणारी जहाजे दिली गेली. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

राहिला रिचर्ड लेस्टर. 1973 चा ‘द थ्री मस्केटियर्स’ आणि 1974 चा ‘द फोर मस्केटियर्स’ हे मुळात एकच चित्रपट म्हणून स्पेनमध्ये चित्रित झाले. निर्माते सॅलकाइंड यांनी नंतर त्याचे दोन केले. नटांनी एकाच चित्रपटाचे पैसे घेतलेले, त्यामुळे भांडण झाले, भरपाई द्यावी लागली, आणि एका करारात किती चित्रपट धरायचे हे स्पष्ट करणारे कलम हॉलिवूडमध्ये ‘सॅलकाइंड कलम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नटांवर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्या दोन भागांमुळेच कादंबरीचे दोन्ही अर्धे पडद्यावर आले, हेही खरे.

लेस्टरकडे पटकथेला जॉर्ज मॅकडोनल्ड फ्रेझर होता आणि तलवारीला विल्यम हॉब्ज. हॉब्जच्या लढाया पाहताना जाणवते की तलवार जड असते. माणसे धापा टाकतात, घसरतात, लाथ मारतात, झगा हातावर गुंडाळून त्याची ढाल करतात. खिसे रिकामे असलेले मस्केटियर्स खाणावळीत खोटे भांडण काढतात आणि तलवारीच्या टोकांवर कोंबड्या, पाव उचलून नेतात. पोट भरण्यासाठीची ती मारामारी या शिपायांच्या गरिबीबद्दल एका संवादाविना सगळे सांगते. रात्रीच्या अंधारात दार्तान्याँ आणि कार्डिनलचा हस्तक रॉशफर लढतात तेव्हा दोघांच्या हातात कंदील आहेत. झाकलेला कंदील उघडला की समोरचा दिसतो, आणि आपणही त्याला दिसतो. वार करायचा तर आधी स्वतःला उजेडात आणावे लागते. हे द्वंद्व कादंबरीत नाही, पण कार्डिनलच्या राज्यातली हेरगिरी आणि चोरटेपणा त्या दोन कंदिलांत आला आहे. रूपांतर करणाऱ्याने घ्यायचे स्वातंत्र्य ते हे.

दुसऱ्या भागात हसू हळूहळू विरते. गोठलेल्या तळ्यावरची लढाई आधी गमतीची वाटते, मग बर्फ तडकतो. मठात मिलेडी जपमाळेने कॉन्स्टन्सचा गळा आवळते. वधाच्या वेळी लेस्टर कॅमेरा अलीकडच्या काठावरच ठेवतो. होडी जाते, पलीकडे लहान लहान आकृती दिसतात, तलवार वर जाते. आपण दार्तान्याँच्या जागी उभे असतो, आणि करण्यासारखे काहीच उरलेले नसते. ऑलिव्हर रीडचा ॲथोस तिकडे ज्या नजरेने पाहतो, ती एकेकाळी त्या बाईचा नवरा असलेल्या माणसाची नजर आहे. पन्नास वर्षे होऊन गेली, याच्या जवळ जाणारे काही मी पाहिलेले नाही.

द्वंद्वापुरते बोलायचे तर एक नाव मात्र लेस्टरच्या पंगतीत बसते. राफाएल सबातिनीची ‘स्कारामूश’ ही कादंबरी 1921 ची. वर उल्लेख केलेल्या जॉर्ज सिडनीनेच 1952 मध्ये तिच्यावर चित्रपट केला. कादंबरीत नायकाची नाटक मंडळी वेगळी आणि उमरावाशी त्याचे द्वंद्व वेगळे, ते पॅरिसबाहेरच्या रानात होते. चित्रपटाने दोन्ही एकत्र आणले. स्ट्युअर्ट ग्रेंजर आणि मेल फेरर भरल्या नाट्यगृहात सहा मिनिटांहून जास्त वेळ लढतात: सज्जाच्या अरुंद कठड्यावर, जिन्यांवर, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून, पडद्यामागे आणि शेवटी रंगमंचावर. कॅमेरा इतका मागे आहे की दोघांचे पाय दिसतात. पाय दिसले की पवित्रा कळतो, पवित्रा कळला की कोण हरायला लागला आहे ते कळते. अखेर शत्रू समोर निःशस्त्र असतो आणि ज्याने या एका क्षणासाठी तलवार शिकली त्याच्या हातून वार होत नाही. कादंबरीत तो उमराव नायकाचा बाप निघतो, चित्रपटात भाऊ. बाप पचवायचे धाडस स्टुडिओला झाले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीही जवळजवळ गाळली गेली. तरीही थबकलेल्या त्या हातात सबातिनीच्या उत्तरार्धाचे वजन उतरले आहे.

आजच्या चित्रपटांत मला हाच थबकलेला हात दिसत नाही. द्यूमाचाच ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ पाहा. कादंबरीत एदमों दांतेस, म्हणजेच काउंट, त्याला दगा देणाऱ्या फेर्नांविरुद्ध तलवार चालवतच नाही. फेर्नांची अब्रू जाते, बायको आणि मुलगा घर सोडून जातात, आणि तो स्वतःवर गोळी झाडतो. सूड कोणाच्या हातात राहत नाही, तो आपल्या गतीने पुढे जातो आणि निष्पापांनाही चिरडतो; काउंटला त्याचीच भीती वाटू लागते. पण चित्रपटांना शेवटी तलवारीची खणखण हवीच असते. 2002 च्या हॉलिवूडच्या चित्रपटात ती होती आणि वर प्रेयसीही परत मिळाली. 2024 च्या फ्रेंच चित्रपटातही ती आहे. माथ्यू देलापोर्त आणि अलेक्सांद्र द ला पातलिएर यांचा हा चित्रपट जवळजवळ तीन तासांचा, देखणा, पिएर निनेचा काउंट थंडगार आणि अचूक. फ्रान्समध्ये त्याची 90 लाखांवर तिकिटे खपली. या कादंबऱ्यांची भूक संपलेली नाही याचा इतका मोठा पुरावा मिळाल्याचा मला मनापासून आनंद आहे. तरी ते अखेरचे द्वंद्व नसते तर चित्रपट अधिक धारदार झाला असता.

याच दोघांनी त्याआधी 2023 च्या दोन भागांच्या ‘थ्री मस्केटियर्स’ची पटकथा लिहिली होती, दिग्दर्शक मार्तां बुर्बुलों. दोन भाग म्हटल्यावर माझी आशा उंचावली. व्हिन्सेंट कॅसेलचा थकलेला ॲथोस आणि एव्हा ग्रीनची मिलेडी पाहून ती टिकली. घोडे, चिखल, घामट कातडी कपडे, सगळे अस्सल. पण सगळा पडदा मातकट. पहिली लढाई एका सलग शॉटसारखी दाखवली आहे. कॅमेरा लढणाऱ्यांच्या मधोमध फिरत राहतो आणि कोण कोणाला कसे चुकवतो हेच हरवते. चौघांची थट्टा, उधळेपणा, उपाशीपोटीचा दिमाख जागोजागी आखडता घेतला आहे. आणि दुसऱ्या भागात, पडद्याला दोन चित्रपटांची ऐसपैस जागा असताना, लीस नदी येत नाही. मिलेडी जिवंत राहते, कारण पुढच्या भागाची वाट मोकळी ठेवायची आहे. न्याय करण्याचा आणि त्याचे ओझे वाहण्याचा प्रसंग चौघांवर येतच नाही. फेअरबँक्सकडे निदान वेळ नव्हता.

पैसा आहे, नट आहेत, प्रेक्षक आहेत, तरी हा चित्रप्रकार आज अर्धवट आहे असे माझे मत आहे. पूर्वार्धातले हसू आणि उत्तरार्धातली ती रात्र, दोन्ही एकाच हातात धरणारा दिग्दर्शक लेस्टरनंतर झाला नाही. लेस्टरही पुढे थांबला. 1988 मध्ये ‘द रिटर्न ऑफ द मस्केटियर्स’च्या चित्रीकरणात घोड्यावरून पडून रॉय किनिअर गेला. पहिल्या दोन्ही चित्रपटांत दार्तान्याँचा नोकर प्लांशे झालेला हा गुणी नट लेस्टरचा मित्र होता. त्यानंतर लेस्टरने कथाचित्रपट करणे जवळजवळ सोडूनच दिले.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना माझी एक विनंती आहे. लेस्टरचे दोन्ही भाग मिळवा आणि एकाच रात्री, एकापाठोपाठ एक पाहा. पहिला संपल्यावर राणीच्या अंगावर हिरे असतील, सगळे हसत असतील, उठावेसे वाटेल. उठू नका. दोन्ही मिळून साडेतीन तास होतात.