सिद्धांताचें मूळ आणि पोथीचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यवहारांत ती शहाणपणाची असेल. संशोधनांत मात्र घातक आहे. शास्त्रीय सिद्धांत कोठून आला हें न विचारल्यानें काय अनर्थ होतो, त्याचें उदाहरण भास्कराचार्यांच्या ग्रंथांत सांपडतें.

प्रथम घरचा वाद घेऊं. आचार्यांनीं गोलाध्यायाच्या अखेरीस आपला जन्म शके १०३६ मध्यें झाला, व छत्तिसाव्या वर्षीं सिद्धांतशिरोमणि रचिला, असें सांगितलें आहे. पिता महेश्वर, गोत्र शांडिल्य, गांव सह्य पर्वताच्या आश्रयाचें विज्जडविड. हें विज्जडविड म्हणजे आमचें बीड, असा एक पक्ष आहे. प्रस्तुत लेखक बीडकर असल्यानें तो पक्ष खरा ठरावा असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु इच्छा हें प्रमाण नव्हे. नांवाच्या उत्तरार्धावरून बीड म्हणावें, तर पूर्वार्धावरून विजापूर म्हणणारेही आहेत. शिवाय नांवाचा पाठ सर्वत्र एक नाहीं, कोठें विज्जलविड असेंही आढळतें. बालाघाट ही सह्याद्रीची शाखा खरी; पण चाळीसगांवजवळच्या पाटणावरील डोंगरही शाखाच आहे. फैजीनें १५८७ मध्यें केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरांत बेदर सांगितलें आहे. तें चार शतकांनंतरचें. समकालाजवळचा पुरावा एकच, तो पाटणचा शिलालेख. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो १८६५ मध्यें प्रसिद्धीस आणिला. आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला, व निकुंभ कुळांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्यास वृत्ति दिली, असें त्यांत आहे. परंतु हा लेख मठाची साक्ष देतो, जन्मगांवाची नव्हे. सारांश, बीडचा पक्ष खोटा ठरला नाहीं. पण सिद्धही झाला नाहीं. यापलीकडे एक अक्षर लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

याहून महत्त्वाचा वाद सिद्धांतांच्या मालकीचा आहे. वर्गप्रकृतीचें उत्तर काढण्याची चक्रवाल रीति बीजगणितांत आहे. एकसष्टांनीं एक वर्ग गुणून एक मिळविला असतां वर्गच यावा, या प्रश्नाचें २२६१५३९८० व १७६६३१९०४९ हें सर्वांत लहान उत्तर तीच रीति देते. फर्मानें हा प्रश्न १६५७ मध्यें युरोपच्या गणितज्ञांपुढें टाकला होता. कोलब्रुकचें भाषांतर १८१७ मध्यें निघाल्यावर ही रीति भास्कराचार्यांची, असें ग्रंथामागून ग्रंथांत लिहिलें गेलें. पण आचार्य स्वतः काय म्हणतात? सूत्राच्या शेवटीं ‘जगुः’ असें क्रियापद आहे. या रीतीस चक्रवाल असें ‘म्हणतात’, मी म्हणतों असें नव्हे. या अनेकवचनी क्रियापदाकडे बहुतेकांनीं दुर्लक्ष केलें. पुढें लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ मध्यें उदयदिवाकराच्या सुंदरी टीकेंतून जयदेव नामक आचार्याचे श्लोक पुढें आणिले. ही टीका शके ९९५ ची, म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वींची. आणि त्या श्लोकांत चक्रवाल रीति आहे. जयदेवाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. टीकाकारानें नांवासह उतारा दिला म्हणूनच तो गणिती जिवंत राहिला.

भास्कराचार्यांचा मोठेपणा यानें रतिभर कमी होत नाहीं, उलट वाढतो. बीजगणिताच्या अखेरीस ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचें ऋण त्यांनीं मान्य केलें आहे. श्रीधराचें बीजगणित नष्ट झालें. त्याची वर्गसमीकरणाची रीति आपल्याला कळते ती भास्कराचार्यांनीं नांव घेऊन उद्धृत केली म्हणून. युरोपांत याच्या उलट झालें. वर्गप्रकृतीस ऑयलरच्या चुकीनें पेलचें नांव चिकटलें, आणि खरोखर उत्तर काढणारा ब्राउंकर मागें पडला. ती चूक आजही पुसली गेलेली नाहीं.

हा दोष दूरच्यांचाच आहे असें समजूं नये. लीलावतीची एक अपूर्ण पोथी तरुणपणीं प्रस्तुत लेखकाच्या हातीं आली. पाठभेद त्यानें मोठ्या हौसेनें उतरून घेतले. पण पोथी कोणत्या घरची, कोणत्या बस्त्यांत कोणत्या पोथ्यांशेजारीं होती, हें लिहिलें नाहीं. देणारे गृहस्थ वारले. आज ते पाठभेद वहींत आहेत, पण त्यांस कूळ नाहीं; म्हणून ते कोणत्याही वादांत पुरावा म्हणून मांडतां येत नाहींत.

संग्राहकांस विनंती एवढीच कीं, पोथी घेतांना गांव, घर, तिथि व देणाराचें नांव आधीं लिहावें. पुष्पिका व लेखकाचा शक जसाचा तसा उतरावा. बस्त्याचा क्रम मोडूं नये. मजकुराकडे मागाहून वळावें. भास्कराचार्यांनीं एका क्रियापदांत जी सचोटी दाखविली, ती आपण एका चिठोऱ्यावर दाखविली तरी पुष्कळ झालें.