पॉवेलची रोजनिशी: एक पुनर्वाचन

नैर्ऋत्य अमेरिकेतील रुक्ष दऱ्यांच्या प्रवासवर्णनांत जॉन वेस्ली पॉवेलचा कोलोरॅडो नदीवरील वृत्तांत (१८७५) अग्रस्थानी आहे. रोजनिशीचा घाट आणि वर्तमानकाळ यांमुळे वाचक त्याच्याबरोबर दरीच्या तळाशी उभा राहतो. पण ही रोजनिशी बरीचशी मागाहून रचलेली आहे. १८७१-७२ च्या दुसऱ्या मोहिमेतील अनुभव पॉवेलने १८६९ च्या पहिल्या मोहिमेत मिसळले आणि दुसऱ्या वेळच्या सोबत्यांची नावे गाळली.

युद्धात उजवा हात गमावलेला पॉवेल कड्यावर अडकतो आणि ब्रॅडली आतली विजार खाली सोडून त्याला वर घेतो, हा प्रसिद्ध प्रसंग वृत्तांतात जूनमध्ये, एको पार्कपाशी घडतो. ब्रॅडलीच्या रोजनिशीत तो जुलैमधला, नदीच्या बऱ्याच खालच्या टप्प्यातला आहे. या फेरफाराने कथानक बांधेसूद झाले, हे खरे. पण अनोळखी मुलखाच्या वर्णनात स्थळ आणि तारीख यांवरच वाचकाचा भरवसा असतो. त्याहून गंभीर आहे ती माणसांची वजाबाकी. सतराव्या वर्षी दुसऱ्या मोहिमेत गेलेल्या डेलनबॉने १९०८ मध्ये तिचा स्वतंत्र वृत्तांत लिहून ती भरून काढली. पॉवेलचे गद्य आजही थरारून टाकते. मात्र डेलनबॉला शेजारी ठेवूनच ते वाचायला हवे.